मनगट दुखतंय आणि एमटीबीची (माउंटन बाइकची) शर्यत तीन आठवड्यांवर आली आहे

उजवं मनगट दुखावलं की माउंटन बाइकवाल्याचं गणित जास्त बिघडतं, कारण आपल्याकडच्या बहुतेक सायकलींचा पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो आणि उतारावर वेग मारण्याचं, म्हणजे कमी करण्याचं, मोठं काम हा पुढचा ब्रेकच करतो. म्हणून दुखणं सहन होतंय का, हा प्रश्न मागे ठेवा. चढावर, रोलरवर, डांबरी रस्त्यावर ते सहन होतंच. खरा प्रश्न असा आहे: सलग दहा मिनिटांच्या खडबडीत उताराच्या शेवटच्या मिनिटाला तर्जनी ब्रेकचा लिव्हर पहिल्या मिनिटाइतकाच दाबू शकते का? दाबू शकत असेल तर पुढचं सगळं वाचा. दाबू शकत नसेल तर टेप, गोळी, महागडा ग्रिप यांपैकी काहीही कामाचं नाही. तुमच्या पुढे चाललेल्या स्पर्धकाच्या मागच्या चाकात जाऊन तुम्ही त्यालाही पाडाल.

पण त्याआधी हाड.

हात पुढे टेकून पडल्यावर मनगटात जे मोडतं, त्यात सर्वांत फसवं हाड म्हणजे स्कॅफॉइड. काजूच्या आकाराचं, अंगठ्याच्या बाजूला, मनगटातल्या हाडांच्या दोन ओळींना जोडणारं. अंगठा ‘थम्स अप’सारखा वर ताणा. त्याच्या बुडाशी, मनगटाच्या कडेला दोन शिरांसारख्या दोऱ्या उठून दिसतात आणि त्यांच्या मध्ये एक खळगा पडतो. त्या खळग्यात दुसऱ्या हाताच्या बोटाने दाबा. तिथे स्पष्ट कळ येत असेल, किंवा अंगठा लांबीच्या दिशेने मनगटाकडे दाबल्यावर दुखत असेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत ते फ्रॅक्चरच समजायचं. सूज फार नसते, बोटं हलतात, पकडही बऱ्यापैकी असते. त्यामुळे ‘लचक भरली आहे’ म्हणून माणूस महिनाभर सायकल चालवत राहतो. पहिल्या एक्स-रेतही हा तडा अनेकदा दिसत नाही. अशा वेळी डॉक्टर हात प्लास्टरमध्ये किंवा स्प्लिंटमध्ये ठेवून दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढतात, नाहीतर सरळ एमआरआय करतात. ‘एक्स-रे नॉर्मल आला’ यावर विसंबून शर्यतीत उतरू नका. तो कितव्या दिवशी काढला आणि त्यात स्कॅफॉइडसाठीचे वेगळे कोन घेतले होते का, हे विचारा.

या हाडाची एवढी धास्ती का, तर त्याचा रक्तपुरवठा उलटा आहे. रक्तवाहिन्या मुख्यतः बोटांकडच्या भागातून हाडात शिरतात आणि रक्त तिथून मागे, कोपराच्या दिशेने जातं. मध्ये तडा गेला की मागच्या तुकड्याचं रक्त तुटतं. बोटांकडच्या टोकाचा तडा सहा ते आठ आठवड्यांत भरू शकतो, कमरेचा म्हणजे मधल्या भागाचा आठ ते बारा आठवडे घेतो आणि मागच्या टोकाचा त्याहूनही जास्त. न जुळलेला स्कॅफॉइड काही वर्षांत मनगटाची झीज करतो. इथे माझं मत ठाम आहे. स्कॅफॉइडला तडा असेल किंवा तशी शंका असेल, तर ही शर्यत सोडा. सायकलीत कसलाही बदल करून हा धोका कमी होत नाही.

मनगटाजवळ रेडियस, म्हणजे कोपरापासून अंगठ्याच्या बाजूला येणारं लांब हाड, मोडलं असेल तर प्लास्टर साधारण सहा आठवडे राहतं. प्लेट बसवली असेल तर बोटं आणि मनगट लवकर हलवायला देतात, पण हलवणं वेगळं आणि दगडांवर हँडलबारचे धक्के झेलणं वेगळं. अशा हाताने खडबडीत उतारावर जायला तीन महिन्यांच्या आसपास थांबावं लागतं आणि तारीख एक्स-रे बघून सर्जननेच द्यायची असते. इथे ब्रिटिश सायकलपटू टॉम पिडकॉकचं उदाहरण हमखास पुढे येतं. २०२१ च्या मे महिन्याच्या अखेरीस सरावात त्याची कॉलरबोन मोडली, प्लेट बसवली आणि २६ जुलैला त्याने टोकियो ऑलिंपिकची क्रॉस कंट्री शर्यत जिंकली. ते घडलं हे खरं. पण कॉलरबोनवर ब्रेकच्या लिव्हरचा भार येत नाही, आणि त्याच्या दिमतीला रोजच्या रोज हात तपासणारी माणसं होती. नोकरी सांभाळून रविवारी डोंगरात जाणाऱ्याने त्यातून आठवड्यांचा हिशेब उचलू नये.

हाड शाबूत आहे हे नक्की झालं की उरतात बंध, कुर्चा आणि स्नायूंच्या दोऱ्या. करंगळीच्या बाजूला दुखत असेल, ओला पंचा पिळताना किंवा दाराची मूठ फिरवताना कळ जात असेल, तर तिथल्या त्रिकोणी कुर्चेला इजा असण्याची शक्यता असते. फिजिओथेरपिस्ट तिला टीएफसीसी म्हणतात. अंगठ्याच्या बुडाशी दुखत असेल आणि मूठ मिटून मनगट करंगळीकडे झुकवल्यावर भडका उठत असेल, तर ते डी क्वेरव्हेन, म्हणजे अंगठ्याच्या दोऱ्यांच्या आवरणाची सूज. हाच त्रास तान्हं बाळ सतत उचलणाऱ्या आयांना होतो. सायकलवर त्याला गिअर बदलणारा अंगठा खतपाणी घालतो. मनगटाच्या वरच्या बाजूला, हात मागे वळवून टेकल्यावर दुखत असेल तर ती बहुधा मुरगळ असते. या तिन्हींमध्ये शर्यतीचा विचार करता येतो, पण प्रत्येकात सायकलीवर बदलायची गोष्ट वेगळी. म्हणून नेमकं निदान करून घ्या. नुसतं ‘मनगट दुखतं’ एवढ्यावर काहीच ठरवता येत नाही.

चाचण्या, घरी आणि उतारावर

वजनकाटा टेबलावर ठेवा. कोपर सरळ ठेवून तळहाताने त्यावर जितका भार देता येईल तितका द्या आणि आकडा बघा. मग दुसऱ्या हाताने तेच करा. दुखऱ्या हाताचा आकडा चांगल्या हाताच्या नव्वद टक्क्यांपर्यंत आला पाहिजे. पकडीची ताकद फिजिओकडच्या डायनॅमोमीटरवर मोजून घ्या. तिथे एक गोष्ट ध्यानात ठेवायची की उजवखोऱ्या माणसाचा उजवा हात मुळातच सुमारे दहा टक्के जोरदार असतो. दुखावलेला हात उजवा असेल तर दोन्ही हात समान आले म्हणजे उजवा अजून मागे आहे. त्यानंतर दहा पुश-अप, हात सपाट टेकवून. मुठीवर टेकून काढलेल्या पुश-अप इथे धरायच्या नाहीत, कारण मुठीवर मनगट सरळ राहतं.

हे जमलं तर शर्यतीच्या आठ-दहा दिवस आधी खऱ्या उतारावर चाचणी घ्या. शर्यतीच्या जमिनीशी मिळतीजुळती जमीन निवडा. सह्याद्रीत पावसाळ्यानंतरचा उतार म्हणजे सुट्टा मुरूम, त्यात रुतलेले काळे कातळ आणि गुडघाभर वाळलेल्या गवताखाली लपलेले धोंडे. कोकणात आणि गोव्यात जांभ्याचा सडा असतो, कोरडा असताना चांगली पकड देणारा पण हातांना अखंड थरथर देणारा. याच उतारावर, एकच बोट ब्रेकवर ठेवून, सलग दहा मिनिटं उतरा. नंतर तीन गोष्टी तपासा. उतरताना कळ दहापैकी तीनच्या वर गेली का? शेवटी दोन बोटांनी ब्रेक दाबावा लागला का? आणि सगळ्यांत महत्त्वाचं, दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचं भरलेलं पातेलं उचलताना आदल्या सकाळपेक्षा जास्त दुखलं का? चोवीस तासांत दुखणं मूळ जागी परतलं नाही, तर हात शर्यतीला तयार नाही. आठ दिवस आधी चाचणी घ्यायची ती एवढ्यासाठीच, की नापास झालात तर नाव मागे घ्यायला किंवा लांब अंतराच्या गटातून लहान गटात बदलून घ्यायला वेळ उरतो. चाळीस-पन्नास किलोमीटरऐवजी पंधरा-वीसचा गट घेतला तर उताराचा वेळ निम्म्याहून कमी होतो. दुखऱ्या हाताने शर्यत करायचीच असेल तर माझ्या मते हा सर्वांत शहाणा बदल आहे.

मधल्या दिवसांत हात रिकामा ठेवू नका. बादलीत तांदूळ भरून त्यात मूठ उघडणं-मिटणं, पंचा पिळणं, एक-दोन किलोचा डंबेल धरून मनगट सावकाश खाली सोडणं, हे दिवसाआड करा. फिजिओने मना केलेली हालचाल सोडून. दमसास टिकवण्यासाठी ट्रेनर किंवा सपाट रस्ता पुरतो.

सायकलीवर काय बदलायचं

पैसा आणि वेळ पहिल्यांदा ब्रेकवर खर्च करा. लिव्हरची क्लॅम्प बहुतेकांनी ग्रिपला चिकटवून ठेवलेली असते. त्यामुळे तर्जनी लिव्हरच्या मध्यावर पडते आणि दुप्पट जोर लावावा लागतो. क्लॅम्प आत सरकवा, इतकी की तर्जनीचं पेर लिव्हरच्या टोकाला जो बाक असतो त्यात बरोबर बसेल. तिथे तरफ सर्वांत लांब असते. मग लिव्हरचं ग्रिपपासूनचं अंतर. दोन किंवा अडीच मिलिमीटरची अ‍ॅलन की किंवा हाताने फिरणारं बटण असतं, त्याने लिव्हर इतका जवळ आणा की पॅड धरतात त्या क्षणी बोटाचा मधला सांधा नीट वाकलेला असेल. ताठ बोटात जोर नसतो. पण लिव्हर पूर्ण दाबल्यावर बाकीच्या बोटांना टेकत नाही ना, हे तपासा. टेकत असेल तर लिव्हर फार जवळ आणला आहे किंवा ब्रेकच्या तेलात हवा शिरली आहे.

लिव्हरचा कोन ठरवताना खोगिरावर बसून ठरवू नका. कुणाला तरी सायकल धरायला सांगा, पेडलवर उभे राहा, कोपर-गुडघे वाकवून उताराच्या पवित्र्यात या, आणि बोटं हाताच्या रेषेत सरळ पुढे ताणा. लिव्हर त्या बोटांच्या लगेच खाली यायला हवा. तो वर असेल तर मनगट मागे मोडतं आणि मुरगळीची कळ तिथेच उठते. फार खाली असेल तर बोट शोधत जातं. क्लॅम्पचा बोल्ट निर्मात्याने दिलेल्या टॉर्कच्या खालच्या बाजूला ठेवा. पडल्यावर लिव्हर तुटण्याऐवजी फिरतो.

पुढचा रोटर, म्हणजे डिस्क ब्रेकची चकती, १६० मिलिमीटरचा असेल तर १८० चा बसवा. ब्रेकची पकड जितकी बाहेर, तितका वळवणारा जोर जास्त. त्याच बोटाच्या जोरात साडेबारा टक्के जास्त थांबण्याची ताकद मिळते. अ‍ॅडॉप्टर आणि रोटर एवढंच लागतं, पण फोर्कला, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दुबेळक्याला, किती मोठा रोटर चालतो ते आधी बघा. नवा रोटर बसवल्यावर मध्यम वेगातून वीसेक वेळा, न थांबता फक्त हळू होईपर्यंत ब्रेक दाबून पॅड बसवून घ्या. हे न करता थेट शर्यतीत गेलात तर पॅड काचेसारखे गुळगुळीत होतात आणि बोटाला उलट जास्त जोर लागतो. कोरड्या मोसमात पुढे रेझिनचे पॅड घाला. थंड असतानाच ते लवकर धरतात. चिखलात मात्र ते झपाट्याने झिजतात, तिथे धातूचे बरे. रोटरवर ‘फक्त रेझिन पॅड’ असं कोरलेलं असेल तर धातूचे घालू नका.

ब्रेक ब्लीड करून घ्या, म्हणजे आतल्या तेलात शिरलेली हवा काढून घ्या. शिमानो कंपनीच्या ब्रेकमध्ये खनिज तेल लागतं, स्रॅम कंपनीच्या बहुतेक जुन्या ब्रेकमध्ये डॉट द्रव. एकाच्या जागी दुसरं घातलं तर सील फुगून ब्रेक निकामी होतो. डॉट द्रव हवेतला ओलावा शोषतो, त्यामुळे आपल्या पावसाळ्यानंतर तो बदललेलाच बरा. एक मोह मात्र टाळा: उजवा हात दुखतो म्हणून ऐन वेळी पुढचा ब्रेक डावीकडे घेऊ नका. ब्रेकच्या तेलाची नळी (होज) बदलणं तासाभराचं काम आहे, पण मेंदूची सवय तीन आठवड्यांत बदलत नाही. घाबरलेल्या क्षणी डावा हात मागचा समजून पुढचाच ब्रेक दाबतो, पुढचं चाक अडकतं आणि तुम्ही हँडलबारवरून पुढे फेकले जाता.

आता अंगठा. याकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही. शिमानो असो वा स्रॅम, हलक्या गिअरवर जायला उजवा अंगठाच ढकलतो, आणि चढउताराच्या शर्यतीत हे शेकडो वेळा होतं. जुनी, गंजट केबल असली तर प्रत्येक ढकलण्याला बराच जास्त जोर लागतो. आतली तार आणि बाहेरचं आवरण दोन्ही बदला, आवरणाची टोकं चपटी न होता सरळ कापून घासा, डिरेलरजवळचा (मागे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागाजवळचा) वळसा अति लहान ठेवू नका. काही शे रुपयांचं काम आहे, पण डी क्वेरव्हेन असलेल्या हाताला याच्याइतका आराम दुसऱ्या कशाने मिळत नाही. शिमानोच्या बऱ्याच शिफ्टरांत जड गिअरवर जाणारा लहान लिव्हर तर्जनीनेही ओढता येतो. ती सवय लावून घ्या. पुढची चेनरिंग, म्हणजे पेडलजवळचं दातेरी चक्र, ३२ दात्यांची असेल तर ३० ची घाला. बसूनच चढ काढता येतो. उभं राहून चढताना आपण हँडलबार खेचतो आणि दुखऱ्या बंधांना ताण बसतो.

ग्रिप जाड घ्या, तीस मिलिमीटरच्या जागी बत्तीस-चौतीस, आणि सिलिकॉन फोमचा. फार जाड ग्रिप मात्र लहान हाताला उलट थकवतो. करंगळीकडे दुखणाऱ्याने तळहाताला पंख्यासारखा आधार देणारा ग्रिप बघावा. करंगळी आणि अनामिका बधिर होत असतील तर तळहाताच्या त्या कोपऱ्यातून जाणारी नस दाबली जाते आहे. तिथे हाच ग्रिप आणि हँडलबारवर कमी भार, हे दोनच उपाय. हँडलबार मागे जास्त वळलेला असेल, आठ-नऊऐवजी बारा अंशांचा, तर मनगट सरळ राहतं. बदललात तर स्टेमचे, म्हणजे हँडलबार धरून ठेवणाऱ्या भागाचे, चार बोल्ट आलटून-पालटून, साधारण पाच न्यूटन मीटरला, टॉर्क रेंचनेच आवळा.

टायरची हवा. सत्तर किलोच्या स्वाराने २.३५ किंवा २.४ रुंदीच्या ट्यूबलेस टायरात पुढे २०-२१ आणि मागे २३-२४ पीएसआय ठेवावी. नेहमीच्या पुढच्या हवेपेक्षा दोन पीएसआय कमी केली की हाताला लगेच जाणवतं. त्याखाली गेलात तर सह्याद्रीचा धारदार कातळ थेट रिमवर बसतो. पंपाच्या काट्यावर विश्वास ठेवू नका, कमी दाबाचा डिजिटल गेज वापरा. सीलंट, म्हणजे बारीक भोकं आपोआप बुजवणारा द्रव, २९ इंची टायरात ८० ते १०० मिलिलिटर हवा, आणि आपल्या उन्हाळ्यात तो दोन-तीन महिन्यांत वाळतो.

फोर्कचा सॅग, म्हणजे नुसत्या तुमच्या वजनाने तो जितका दबतो तेवढा भाग, वीस ते पंचवीस टक्क्यांवर आणा. रिबाउंड, म्हणजे दबलेला फोर्क परत वर येण्याचा वेग, फार हळू असेल तर लागोपाठच्या दगडांवर फोर्क खालीच अडकत जातो आणि शेवटी दगडासारखा कडक होतो. अशा वेळी रिबाउंडचं बटण दोन क्लिक उघडा. फोर्कचे खालचे पाय पन्नासेक तासांनी उघडून तेल आणि फोमच्या रिंगा बघायच्या असतात. हे झालेलं नसेल तर बारीक थरथर फोर्क गिळतच नाही, ती सगळी मनगटात येते. फोर्कमधली हवा कमी-जास्त करण्याआधी ही सर्व्हिस करून घ्या.

टेप, गोळ्या आणि कागद

मनगटाच्या टेपचं काम एकच: हात मागे मोडण्याची शेवटची मर्यादा अडवणं. त्यासाठी न ताणणारी झिंक ऑक्साइडची ३८ मिलिमीटरची टेप लागते. रंगीत लवचिक टेप हालचाल रोखत नाही. केस काढा, त्वचा कोरडी करा. एक पट्टा तळहाताभोवती, अंगठा मोकळा सोडून. दुसरा मनगटाच्या चार बोटं वर, मूठ आवळून, म्हणजे स्नायू फुगलेले असताना, नाहीतर उतारावर तो करकचतो. मनगट किंचित मागे, साधारण वीस अंश, ठेवा. पकड याच स्थितीत चांगली लागते. मग तळहाताच्या बाजूने खालच्या पट्ट्यापासून वरच्या पट्ट्यापर्यंत तीन पट्ट्या, एक सरळ आणि दोन एकमेकींना छेदणाऱ्या. टोकं पुन्हा आडव्या पट्ट्यांनी बंद करा. नख दाबून सोडा. दोन सेकंदांत गुलाबी झालं पाहिजे. घाम येणाऱ्या हवेत ही टेप अर्ध्या-पाऊण तासात सैल पडते, म्हणून रांगेत उभं राहण्याच्या लगेच आधी लावा आणि वर ग्लोव्ह घाला. सरावातही ती लावून बघा, कारण टेपमुळे ग्लोव्ह घट्ट होतो आणि ब्रेकची जाणीव बदलते. धातूची पट्टी असलेला स्प्लिंट शर्यतीत घालू नका. पकड अडते आणि पडल्यावर पट्टीच्या टोकाशी हाड मोडायला जागा मिळते.

वेदनाशामक गोळी घेऊन सुरुवातीच्या रेषेवर उभं राहणं मला पूर्णपणे चुकीचं वाटतं. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन यांच्यामुळे मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी होतो. उन्हात तीन-चार तास घाम गाळणाऱ्या शरीरात तो आधीच कमी झालेला असतो. पोटात रक्तस्राव होण्याची भीती वेगळी. आणि जी कळ तुम्हाला थांबायला सांगणार असते, तीच गोळी दाबून टाकते. आपल्याकडे ‘साधी’ समजून घेतल्या जाणाऱ्या कित्येक गोळ्यांत आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल एकत्र असतात, पाकीट वाचा. ट्रॅमाडॉल १ जानेवारी २०२४ पासून स्पर्धेच्या काळात वाडा (WADA) या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या बंदी यादीत आहे. स्टेरॉइडचं, म्हणजे ग्लुकोकॉर्टिकॉइडचं इंजेक्शन, मग ते सांध्यात का असेना, १ जानेवारी २०२२ पासून स्पर्धेच्या काळात बंद आहे. हौशी स्पर्धकालाही हे लागू होऊ शकतं. शिवाय इंजेक्शननंतर दोरी काही आठवडे नाजूक असते.

आयोजकांनी वैद्यकीय दाखला मागितला तर डॉक्टरांपासून मनगट लपवू नका. खिशात एक कार्ड ठेवा: रक्तगट, अ‍ॅलर्जी, हातात प्लेट असेल तर तसं, घरचा फोन. आरोग्य विमा आणि अपघात विमा दोन्ही वाचा. आरोग्य विम्याच्या प्रमाणित अटींमध्ये साहसी खेळांची वगळणूक व्यावसायिक सहभागाबद्दल लिहिलेली असते, पण अपघात विम्यात शर्यतीची अट वेगळी असू शकते.

शर्यतीच्या दिवशी

आदल्या दिवशी मार्ग बघताना कुठे उतरून चालायचं ते आताच ठरवा आणि जीपीएसवर खूण करा. गुडघ्याहून उंच उडीसारखे टप्पे, ओढ्यातले शेवाळी कातळ, जांभ्याच्या ओल्या पायऱ्या. शर्यतीच्या भरात हा निर्णय नीट घेता येत नाही. सुरुवातीला घोळक्यात घुसू नका, पण अगदी शेवटीही राहू नका. शेवटच्या रांगेत पुढचे सगळे उतारावर ब्रेक दाबून चाललेले असतात, त्यांच्यामागे तुमचं बोट उगाच दमतं. मधल्याच्या थोडं मागे राहा आणि एकेरी पायवाटेत शिरताना पुढच्यापासून चार-पाच सेकंदांचं अंतर सोडा. मागून कुणी ‘उजवीकडून’ ओरडलं की जागा द्या.

उतरताना ब्रेक सतत घासत ठेवणं हे दुखऱ्या हाताचं सर्वांत मोठं नुकसान. वळणाआधी, सायकल सरळ असताना, दोन्ही ब्रेक थोडा वेळ पण ठाम दाबा, वेग मारा, आणि वळणात सोडा. प्रत्येक सोडण्यात हाताला विश्रांती मिळते. वजन पेडलवर, टाचा किंचित खाली, कोपर बाहेर. सीट खाली जाणारी पोस्ट असेल तर प्रत्येक उताराआधी ती खाली करा, म्हणजे कंबर मागे जाते आणि तळहातावरचा भार उतरतो. लांब उताराच्या मध्ये, वाटेच्या कडेला, अर्धा मिनिट थांबून हात झटका. त्यात तीस सेकंद जातील. दमलेल्या बोटाने पडलात तर पुढचे सहा आठवडे जातील.

पंक्चरचा विचार आधी करा. दुखऱ्या मनगटाने लहान हातपंपाचे दोनशे झटके मारणं जमत नाही. १६ ग्रॅमची सीओटूची दोन नळकांडी ठेवा. एकात २९ इंची टायर जेमतेम वीस-पंचवीस पीएसआयपर्यंत भरतो. ट्यूबलेसचे प्लग, म्हणजे भोकात खुपसायच्या चिकट पट्ट्या, सुईत आधीच ओवून ठेवा. चाकाचा अ‍ॅक्सल हाताने ओढायच्या लिव्हरचा असेल तर तो एका हाताने सुटतो का, घरी करून बघा. जेलची पाकिटं थोडी फाडून ठेवा, बाटली चांगल्या हाताच्या बाजूने काढता येईल अशी लावा. पण उतारावर कुठलाही हात सोडू नका, पाणी चढावरच प्या.

हे झालं की थांबा: तर्जनी एकटी ब्रेक दाबेनाशी झाली, बोटं बधिर झाली, मनगटात कट असा नवा आवाज आला, किंवा एखाद्या वळणावर ब्रेक हवा तेव्हा मिळाला नाही. शेवटचं कारण एकदा घडलं तरी पुरेसं आहे. सोडताना वाटेतल्या मार्शलला बिब नंबर सांगूनच सोडा. न सांगता गाडीत बसून घरी गेलात तर आयोजकांची माणसं अंधार पडेपर्यंत डोंगरात शोधत फिरतात.

मनगटाऐवजी बरगडी मोडली असेल तर हे सगळं लागू नाही. खोल श्वास घेता येत नाही आणि पुन्हा मार बसला तर फुप्फुसाला इजा होते, तिथे थांबावंच लागतं. डोक्याला मार लागून गरगरलं असेल तर सगळी लक्षणं जाईपर्यंत आणि डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत सायकलला हात लावू नका, आणि आपटलेलं हेल्मेट टाकून द्या.

शर्यत संपल्यावर टेप लगेच काढा, पंधरा मिनिटं कापडात गुंडाळलेला बर्फ, हात छातीच्या वर. दोन दिवसांनी पुन्हा वजनकाट्यावर भार देऊन आकडा शर्यतीआधीच्या आकड्याशी ताडा. कमी आला तर फिजिओकडे जा. वाटेत पडला असाल तर दोन दिवस थांबू नका. त्याच संध्याकाळी अंगठ्याच्या बुडाचा तो खळगा पुन्हा दाबून बघा, आणि कळ आली तर स्कॅफॉइडचे कोन सांगून एक्स-रे काढून घ्या.